नाशिकच्या ब्युटी पार्लर चालवणाऱ्या ताईंना खुलं पत्र: सुरकुत्यांच्या सुईला खुर्ची देऊ नका

प्रति,
नाशिक शहरात ब्युटी पार्लर चालवणाऱ्या सर्व ताईंना,

सप्रेम नमस्कार.

तुळशीची लग्नं लागली की तुम्हाला पाणी प्यायलाही उसंत मिळणार नाही, म्हणून आत्ताच लिहिते आहे. सिडको, कॉलेज रोड आणि आमच्या इंदिरानगरातल्या काही पार्लरांच्या दरपत्रकांवर थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियलच्या खाली हल्ली एक नवी ओळ वाचायला मिळते: कपाळावरच्या आठ्या आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी बोटॉक्स. काही ठिकाणी बोटॉक्स म्हणून जे विकलं जातं ते केसांना लावायचं क्रीम असतं, त्यात सुईतून देतात त्या खऱ्या औषधाचा थेंबही नसतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काही ठिकाणी ती खरीच सुई असते. 'रविवारी डॉक्टर येणार आहेत, नाव नोंदवून ठेवा.' 'नवरीच्या पॅकेजसोबत आईला सवलत.'

माझी विनंती थोडक्यात सांगते. ही सुई तुमच्या पार्लरच्या खुर्चीवर कोणालाही टोचू देऊ नका. तुम्ही टोचू नका, कोर्स करून आलेल्या मुलीला टोचू देऊ नका आणि रविवारपुरत्या येणाऱ्या बाहेरच्या डॉक्टरलाही खुर्ची देऊ नका.

हे औषध वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतः ते घेते, आणि त्याच्याच जोरावर माझी नोकरी टिकली. मी बँकेत काउंटरवर बसायचे. माझा डावा डोळा आपोआप मिटू लागला, मग गाल आणि ओठाचा कोपरा वर ओढला जाऊ लागला. समोर खातेदार उभा आहे आणि आपला डोळा आपल्या मर्जीविरुद्ध मिचकतो आहे, हे किती जिव्हारी लागतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. हेमिफेशियल स्पाझम असं या दुखण्याचं नाव. चेहऱ्याच्या स्नायूंची नस मेंदूपासून निघते तिथेच बहुतेकांच्या बाबतीत एखादी रक्तवाहिनी तिच्यावर दाबत असते आणि अर्धा चेहरा झटके देत राहतो. न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी, बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे या बोटॉक्सचीच, इंजेक्शनं सुरू केली, तेव्हा कुठे मी पुन्हा लोकांकडे सरळ बघून बोलू लागले. तीन-चार महिन्यांनी असर ओसरला की पुन्हा जायचं, असं ते चालू आहे.

सुरकुत्यांचा उपाय जगाला कळला तोही आमच्यासारख्या रुग्णांमुळेच. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी हे औषध तिरळेपणासाठी वापरात आणलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी यंत्रणेने, १९८९ मध्ये त्याला मान्यता दिली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. त्याआधी, १९८७ च्या सुमारास, कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉ. जीन कॅरथर्स यांच्याकडे पापण्यांच्या आकडीची एक रुग्ण तक्रार घेऊन आली. यावेळी तुम्ही भुवयांच्या मध्ये का टोचलं नाही, तिथे टोचलं की माझी आठी जाते, असं तिचं म्हणणं होतं. जीन नेत्रतज्ज्ञ आणि त्यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून त्याचा अभ्यास केला आणि १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. भुवयांच्या मधल्या आठ्यांसाठी एफडीएची मान्यता मिळाली ती २००२ मध्ये. एका रुग्णाच्या तक्रारीपासून मान्यतेपर्यंत पंधरा वर्षं गेली. आणि आपल्याकडे हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचा कोर्स करून, फ्रेममध्ये लावायचं सर्टिफिकेट घेऊन मुली कामाला लागतात. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून ज्या शहरात आहे, त्या शहरात हे व्हावं याचं मला फार वाईट वाटतं.

हे औषध म्हणजे नेमकं काय, ते तुम्हाला विकायला येणारी माणसं सांगत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जंतू असतो. नीट प्रक्रिया न केलेल्या डबाबंद अन्नात तो वाढू शकतो आणि विष तयार करतो. माणसाला माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी ते एक आहे. त्याचाच अतिसूक्ष्म अंश शुद्ध करून, मोजून औषध म्हणून दिला जातो. नसेच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटलं की स्नायू आकसतो. हे औषध ते सुटणंच अडवतं, म्हणून स्नायू सैल पडतो आणि त्याच्यावरच्या कातडीची घडी उलगडते. असर काही दिवसांत दिसायला लागतो, पूर्ण दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे साखरपुड्याच्या आदल्या दिवशी टोचून घेण्यात तसाही काही अर्थ नाही.

स्नायूंच्या हालचालीने पडणाऱ्या रेषांवरच ते चालतं. वर्षानुवर्षं उन्हात रापून पडलेलं बारीक जाळं, गालांची सैल झालेली त्वचा, वांगाचे डाग, यांवर ते काही करत नाही. चार महिन्यांचा पगार साठवून आलेल्या बाईला हे कोणी सांगतं का?

आता टोचण्याबद्दल. भुवयांच्या मधल्या आठीसाठी मूळ ब्रँडचा ठरलेला डोस आहे वीस युनिट, पाच जागी चार-चार. दुसऱ्या कंपनीचं युनिट निराळं असतं, एकाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही. सुई भुवईच्या हाडाच्या जरा खाली गेली किंवा औषध जास्त पसरलं, तर ते पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचतं आणि पापणी पडते. पडलेली पापणी लगेच पूर्ववत करणारं औषध नाही. असर ओसरेपर्यंत आठवडेच्या आठवडे थांबायचं.

माझ्या फाईलमध्ये चेहऱ्याचं एक छापील चित्र आहे. प्रत्येक वेळी डॉक्टर त्यावर ठिपके काढतात, ठिपक्याशेजारी युनिटचा आकडा लिहितात, औषधाचं नाव आणि कुपीचा बॅच नंबर नोंदवतात, तारीख घालतात. एकदा माझा ओठ जरा वाकडा झाला होता, तर पुढच्या वेळी त्यांनी जुना कागद काढून नेमक्या त्या जागेचा डोस कमी केला. या कागदामुळे मी निर्धास्त असते. माझ्या चेहऱ्यात काय गेलं आहे ते मला माहीत आहे आणि उद्या दुसऱ्या गावच्या डॉक्टरलाही ते कळेल.

आमच्या ओळखीतल्या एका बाईंकडे असा कागद नव्हता. मुलीच्या लग्नाआधी त्यांनी आपल्याच शहरातल्या एका पार्लरमध्ये, रविवारच्या अशाच शिबिरात इंजेक्शन घेतलं. ते पार्लर कोणतं हे इथे लिहिणार नाही. आठवड्याभरात त्यांची उजवी पापणी खाली आली आणि अर्धा डोळा झाकून राहिली. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक फोटोत त्या मान वर करून बघताना दिसतात, कारण मान वर केल्याशिवाय त्यांना त्या डोळ्याने दिसतच नव्हतं. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर त्यांनी विचारलेले प्रश्न अगदी साधे होते. कोणतं औषध? कोणत्या कंपनीचं? किती युनिट? कुठे कुठे? एकाचंही उत्तर बाईंकडे नव्हतं. पार्लरला फोन लावला तर तिथेही नव्हतं. डॉक्टर बाहेरगावचे होते, कुपी तेच घेऊन आले होते आणि तेच घेऊन गेले होते, आणि आता त्यांचा फोन लागत नव्हता. पार्लरवाल्या ताई फोनवर रडत होत्या. त्यांना कोणाला फसवायचं नव्हतं. त्यांनी फक्त खुर्ची आणि रविवारची सकाळ भाड्याने दिली होती.

हे पत्र मी त्या ताईंसारख्यांसाठी लिहिते आहे. शिबिर कसं परवडतं याचा हिशोब तुम्हीच मांडून बघा. मूळ ब्रँडची १०० युनिटची कुपी धरा. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. सलाईन मिसळल्यावर २४ तासांत आणि एकाच रुग्णासाठी वापरायची, उरलेलं टाकून द्यायचं, अशी उत्पादकाची सूचना असते. आठीला लागतात वीस युनिट. उरलेल्या ऐंशीचं काय होतं? स्वस्तात सुई देणाऱ्याला ती कुपी पाच-सहा जणींत वाटावीच लागते, नाहीतर जास्त सलाईन घालून पातळ करावी लागते, किंवा पुढच्या रविवारपर्यंत जपून ठेवावी लागते. नाहीतर कुपीच बनावट असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, लाईट जाते. बाहेरगावाहून बॅगेतून आलेल्या कुपीने वाटेत किती ऊन खाल्लं, हे तुम्हाला कोण सांगणार?

बनावट कुपीची भीती मी उगाच घालत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत ११ राज्यांतल्या २२ जणींना अशा इंजेक्शनांनंतर त्रास झाल्याची नोंद तिथल्या सरकारी यंत्रणेने केली. परवाना किंवा प्रशिक्षण नसलेल्यांनी ती दिली होती, किंवा घरात आणि स्पामध्ये दिली गेली होती. निम्म्या जणींना रुग्णालयात ठेवावं लागलं. २०२५ च्या जून-जुलैत इंग्लंडमध्ये अशाच ३८ घटना नोंदल्या गेल्या. विष अंगात पसरलं की पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात, घास गिळता येत नाही, बोलणं अडखळतं आणि पुढे श्वासच अडतो. अशा वेळी लागते आयसीयू आणि त्या विषावरचा उतारा, तोही वेळेत. औषधाचा असर टोचल्या जागेपासून दूर पसरू शकतो, हा ठळक इशारा एफडीएने २००९ पासून वेष्टनातल्या माहितीपत्रकावर छापायला लावला आहे.

फिलरबद्दल तर मला याहून जास्त काळजी वाटते. ओठ भरणं, गाल भरणं, नाकाचा शेंडा सरळ करणं, यासाठी बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल टोचतात. नाक आणि भुवयांच्या मधल्या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. जेल चुकून रक्तवाहिनीत शिरलं तर त्या भागातली कातडी मरू शकते आणि ते मागे ढकललं जाऊन डोळ्यापर्यंत पोचलं तर दृष्टी जाऊ शकते, तीही कायमची. टोचताना कातडी एकदम पांढरी पडली, जीवघेणी कळ आली, जाळीदार निळसर डाग उठले, तर पुढची काही मिनिटं मोलाची असतात. जेल विरघळवणारं हायल्युरॉनिडेज हाताशी हवं आणि ते कसं, किती वापरायचं हे जाणणारा हात हवा. तुमच्या ट्रॉलीवर ते असणार नाही आणि असावं अशी अपेक्षाही नाही. सिलिकॉनसारखं काही टोचलं असेल तर ते विरघळतच नाही.

सुई म्हटली की रक्त आलं. स्वतःच्याच रक्तातून काढलेला द्रव सुयांनी चेहऱ्यात सोडतात, त्या 'व्हॅम्पायर फेशियल'ची जाहिरात तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका स्पामध्ये ते करून घेतलेल्या बायकांना त्यातून एचआयव्हीची लागण झाल्याचं २०१८ मध्ये सुरू झालेल्या तपासात उघड झालं. तिथे वापरलेल्या सुया आणि रक्ताच्या नळ्या नीट हाताळल्या गेल्या नव्हत्या. आणि तुमच्या पार्लरमधली वापरलेली सुई शेवटी कुठे जाते? २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती भोसकली न जाणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात टाकून अधिकृत यंत्रणेकडेच द्यावी लागते. शिबिरानंतर ती कापसात गुंडाळून डस्टबिनमध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीवरच्या एखाद्या कामगाराच्या हातात घुसते. त्या माणसाने यात काय केलं आहे?

डॉक्टरांमध्येही, कोणत्या पदवीच्या माणसाने हे करावं यावरून वाद आहेत. ते त्यांच्या परिषदांनी मिटवावेत. पार्लरच्या खुर्चीबद्दल मात्र वादाला जागा नाही. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाप्रमाणे नोंदणी नसलेल्याला वैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. यूट्यूब बघून किंवा नुसत्या कार्यशाळेला बसून सौंदर्यशस्त्रक्रिया करण्याइतकं प्रशिक्षण होत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांनासुद्धा बजावलं आहे. आणि गिऱ्हाईक पाठवण्याबद्दल जो डॉक्टर तुम्हाला कमिशन देऊ करतो, तो स्वतःच्या व्यवसायाच्या आचारसंहितेचा भंग करत असतो. २००२ च्या नियमांत ते स्पष्ट लिहिलं आहे. ज्याची सुरुवातच अशी, त्याच्या कुपीवर विश्वास कसा ठेवायचा?

मी हे महापालिकेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, त्याचं कारण आहे. (तिथल्या आरोग्य विभागाला आणि अन्न व औषध प्रशासनाच्या इथल्या कार्यालयाला मी वेगळं निवेदन देतेच आहे. त्यांनी येऊन बघावं, पंचनामे करावेत.) पण बाई आधी येते ती तुमच्याकडे. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी घरातली पुढची खोली, बचतगटाचं कर्ज आणि एक आरसा एवढ्यावर धंदा उभा केला आहे. सातपूर-अंबडच्या कामगारांच्या घरातल्या बायका जे सासूला बोलत नाहीत ते तुमच्या खुर्चीत बसून बोलतात. केस मुठीने गळताहेत, थायरॉईड तपासून घे, हे तुम्ही सांगता. हनुवटीवर एकाएकी दाट लव आली तर डॉक्टरांकडे जा म्हणता. मानेवरचा वळ बघून तुम्ही हळूच विचारता, घरी सगळं ठीक आहे ना? केसांचा रंग लावायच्या दोन दिवस आधी कानामागे थेंब लावून बघायचा, ही शिस्त तुमच्या हातात मुरलेली आहे. एवढ्या जबाबदारीने वागणाऱ्या हातांना हे काम परक्या माणसाच्या भरवशावर अंगावर घ्यायला लावलं जातं आहे, याचा मला राग येतो.

'आम्ही नाही म्हटलं तर ती समोरच्या पार्लरमध्ये जाईल', असं तुम्ही म्हणाल. जाईलही. म्हणूनच हे पत्र सगळ्यांना आहे. एका गल्लीतल्या चौघींनी मिळून ठरवलं तर ती कोणाकडे जाणार? आणि नाही म्हणताना तिला हिणवू नका, एवढं माझ्यासाठी करा. आठ्या नकोशा वाटणं हा गुन्हा नाही. पन्नाशीच्या बाईला 'आता या वयात कशाला' म्हणणारे घरोघरी आहेत, त्यांत तुमची भर नको. तिचे पैसे, तिचा चेहरा. फक्त विशीतल्या नवरीला कोणी 'आत्तापासून घेतलं तर सुरकुत्या पडणारच नाहीत' असं सांगत असेल, तर तिथे मात्र तिची मोठी बहीण होऊन बोला. तिला सनस्क्रीनची बाटली द्या, उन्हात स्कूटीवर जाताना चेहरा झाकायला सांगा.

जिला खरंच हवं आहे तिला त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडे पाठवा आणि काय विचारायचं ते शिकवून पाठवा. डॉक्टरांचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक विचारून तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे का ते बघायचं. कुपी आपल्यासमोर फोडायला सांगायची, तिच्यावरचं नाव, बॅच नंबर आणि मुदत यांचा फोटो काढायचा. किती युनिट कुठे दिले ते लिहून मागायचं. फिलर असेल तर हायल्युरॉनिडेज इथे आहे का, हे सरळ विचारायचं. ज्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येईल त्याच्याकडून उठून यायचं. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगायचं. आणि टोचून आल्यावर गिळायला, बोलायला, श्वासाला किंवा नजरेला काही झालं, तर सकाळची वाट न बघता सरळ मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं.

तुमच्यापैकी कोणाकडे शिबिराची तारीख आधीच दिली गेली असेल, तर ती रद्द करा आणि ज्यांनी नावं नोंदवली त्यांचे आगाऊ पैसे परत करा. ज्यांच्याकडे पूर्वी शिबिर झालं आहे, त्यांनी त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांना एक फोन करून सगळं ठीक आहे ना, एवढं विचारा. कोणी कुपी विकायला आलं तर त्याचं कार्ड आणि बिल ठेवून घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. काचेवर लावायला हा मजकूर घ्या, हवा तसा बदला: 'आमच्या पार्लरमध्ये कोणतंही इंजेक्शन दिलं जात नाही. त्यासाठी योग्य डॉक्टरांची माहिती विचारा.'

तुमच्या भिशीला किंवा बचतगटाच्या बैठकीला मला बोलवा. मी माझी फाईल घेऊन येईन, ठिपक्यांचे कागद तुम्हाला दाखवीन आणि जमलं तर माझ्या डॉक्टरांनाही सोबत आणीन. मी निवृत्त आहे, मला कोणताही वार चालतो. तुमचा पार्लर बंद असतो तो वार ठरवा.

आपली,
तुमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी एक ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक